मुलीचा फुटबॉल वर्ग: अख्ख्या हंगामानंतरचा अनुभव

लेक नऊ वर्षांची. फुटबॉल शिकायचा हट्ट तिचाच होता. गेला अख्खा हंगाम ती एका वर्गाला जाते आहे आणि पुढच्या हंगामासाठीही आम्ही तिथेच नाव घातलंय. मैदान चकचकीत नाही, करंडकांनी भरलेलं कपाट नाही. तरी तिथेच का, ते सविस्तर लिहिते.

वर्ग शोधताना बऱ्याच ठिकाणचा सराव बघितला. माहितीपत्रकांत सगळीकडे तेच असतं: शिस्त, संघभावना, परवानाधारक प्रशिक्षक. ते बाजूला ठेवून मी एकाच मुलावर लक्ष ठेवायचे, शक्यतो सगळ्यात बुजऱ्या. तासाभरात त्याच्या पायाला चेंडू किती वेळा लागतो? एका नावाजलेल्या वर्गातला असा मुलगा आधी मैदानाला फेऱ्या मारून आला, मग लांबलचक रांगेत उभा राहिला. नंबर आल्यावर गोलवर एक फटका मारला आणि पुन्हा रांगेच्या शेवटी गेला. अखेरीस सामना झाला तोही पूर्ण मैदानावर, मोठे संघ पाडून. दोन-तीन दणकट पोरं चेंडू घेऊन पळत होती, बाकीची घोळक्याने त्यांच्या मागे, आणि हा मुलगा एका कडेला खाली बसून गवत उपटत होता. प्रशिक्षक माणूस म्हणून चांगले होते, कुणावर ओरडले नाहीत. पण त्या तासात तो मुलगा फुटबॉल खेळलाच नाही, आणि घरी सगळे त्याला ‘सराव कसा झाला?’ असं विचारणार, याचं मला फार वाईट वाटलं.

आम्ही निवडलेल्या वर्गात मैदानाचे छोटे-छोटे चौकोन आखलेले होते. प्रत्येक चौकोनात तीन विरुद्ध तीन मुलं, आणि दोन्ही टोकांना एकेका ऐवजी दोन-दोन लहान गोल. हे चार गोलांचं प्रकरण मला आधी गंमत वाटलं होतं. बघत बसल्यावर लक्षात आलं की हल्ला करायला दोन जागा असल्या की मुलाला मान वर करून बघावंच लागतं, कुठली बाजू मोकळी आहे ते. शिवाय तिघांच्या संघात लपायला जागा नसते. चेंडू सारखा प्रत्येकाकडे येत राहतो. जर्मनीच्या फुटबॉल संघटनेने २०२४-२५ च्या हंगामापासून लहान वयोगटांसाठी असेच छोटे सामने देशभर लागू केले आहेत. नॉर्वेत तर मुलं अकरा वर्षांची होईपर्यंत गुणतक्ते लावतच नाहीत. जिथे मोठ्यांचं फुटबॉल इतकं गंभीरपणे घेतात, तिथे लहानांना असं खेळू देतात, हे ‘आमचा संघ किती सामने जिंकला’ सांगणाऱ्या प्रत्येक वर्गाने लक्षात घ्यावं.

इथल्या कोचची एक गोष्ट मला विशेष आवडते. सुरुवातीच्या दिवसांत लेक चेंडू मिळाला की खाली मान घालून थेट गर्दीत घुसायची आणि तो गमवायची. बाहेरून ‘पास दे, पास दे’ असा गजर मी दुसऱ्या वर्गांत ऐकला होता. इथे कोचनी खेळ थांबवला नाही. पाणी प्यायच्या सुट्टीत ते तिच्यासमोर गुडघ्यावर बसले आणि विचारलं, “तू वळलीस ना, तेव्हा त्या दुसऱ्या गोलपाशी कोण होतं?” ती जरा वेळ गप्प राहिली, मग म्हणाली, “कुणीच नव्हतं, सर.” ते फक्त “बरं” म्हणाले आणि उठले. आता चेंडू यायच्या आधी ती खांद्यावरून मागे नजर टाकते. दर वेळी नाही, पण टाकते. डावा पायही वापरायला लागली आहे. लांब फटका अजून कच्चा आहे आणि तिच्या नावावर गोल फारसे नाहीत. मला त्याची घाई नाही.

सुरक्षिततेच्या बाबतीत वर्ग काटेकोर आहे. शिनगार्ड (नडगीवर बांधायचं संरक्षक कवच) नसेल तर मैदानात पाऊल नाही. चेंडू वयाप्रमाणे: साधारण आठव्या वर्षापर्यंत ३ नंबर, मग बाराव्यापर्यंत ४, त्यापुढे ५. देशागणिक थोडं मागेपुढे असतं, पण मोठ्यांचा, म्हणजे ५ नंबरचा, ४१० ते ४५० ग्रॅमचा चेंडू नऊ वर्षांच्या पोरांना देणारा वर्ग मी तरी टाळेन. हेडिंग, म्हणजे डोक्याने चेंडू मारणं, या वयात अजिबात नाही. अमेरिकेत २०१५ मध्येच दहा वर्षांपर्यंतच्या मुलांसाठी हेडिंग बंद करायचं ठरलं.

वॉर्म-अपला फेऱ्या नाहीत; एका पायावर तोल सांभाळणं, उडी मारून गुडघा वाकवून उतरणं, नीट पडायला शिकणं असे व्यायाम घेतात. ‘फिफा ११+ किड्स’ हा असाच कार्यक्रम आहे. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या युरोपातल्या एका मोठ्या अभ्यासात तो करणाऱ्या मुलांमध्ये दुखापतींचं प्रमाण ४८ टक्क्यांनी कमी आढळलं. वर्ग निवडताना वॉर्म-अपची पहिली पंधरा मिनिटं जरूर बघा.

मध्यंतरी लेकीची टाच दुखायला लागली. घरी ती काही बोलली नव्हती. सरावात जरा लंगडतेय हे कोचनीच हेरलं, तिला बाजूला बसवलं आणि आम्हाला डॉक्टरांकडे जायला सांगितलं. वाढीच्या वयात टाचेच्या हाडाच्या वाढणाऱ्या भागावर ताण येऊन असं होतं, खेळणाऱ्या मुलांत नेहमी दिसतं, विश्रांतीने बरं होतं. ती परत आली तेव्हा काही दिवस तिला उड्यांचे व्यायाम दिले नाहीत. ‘थोडं दुखणारच, खेळाडू व्हायचंय ना’ हे वाक्य ज्या मैदानावर ऐकू येतं, तिथे मी मुलीला पाठवणार नाही.

गट पाडताना इथे फक्त जन्मसाल बघत नाहीत. एकाच वर्षात जानेवारीत जन्मलेलं मूल आणि डिसेंबरात जन्मलेलं मूल यांत जवळजवळ वर्षाचं अंतर असतं, आणि या वयात ते अंगकाठीत स्पष्ट दिसतं. आमची लेक वर्षाच्या शेवटची. दुसरीकडे तिला ‘अजून तयार नाही’ असं सांगितलं होतं. इथे तिला आधी तिच्या चणीच्या मुलांबरोबर खेळवलं, मग हळूहळू वरच्या गटात मिसळलं.

आता तक्रारी. वेळापत्रक बदललं की निरोप फार उशिरा येतो, कधीकधी आम्ही घरातून निघाल्यावर. त्याहून मोठी अडचण म्हणजे नेहमीचे कोच नसले की बदलीचा माणूस येतो आणि सगळी मुलं एकत्र करून एकच मोठा सामना लावतो. तो दिवस वाया जातो. याबद्दल आम्ही काही पालक मिळून वर्गाच्या चालकांशी बोललो. बदलीच्या माणसालाही तेच चौकोन आखून द्यायचं त्यांनी कबूल केलं, आणि हल्ली तसं होतंय. मोठ्या गोलवर सामना असतो तेव्हा गोलकीपर मात्र अजून आलटूनपालटून ठेवत नाहीत. एकच शांत मुलगा सारखा तिथे उभा असतो, हे मला अजिबात पटत नाही, आणि मी ते सांगत राहणार आहे.

तुमचं मूल तेरा-चौदाचं असेल आणि त्याला निवड, स्पर्धा यांची ओढ असेल, तर हा वर्ग अपुरा पडेल. त्यासाठी मोठ्या मैदानाचा सराव आणि वेगळी तयारी लागते. लहान मुलांसाठी वर्ग बघत असाल तर ट्रायलच्या दिवसावर जाऊ नका, त्या दिवशी सगळेच उत्तम वागतात. हंगामाच्या मध्यावर एखाद्या साध्या दिवशी जा, आणि ट्रायल घेणारे कोचच वर्षभर शिकवणार आहेत का, ते आधी विचारून घ्या.