पहिलं वाद्य: तबला, पेटी की कीबोर्ड?

जून उजाडला की आमच्या सोसायटीत हा प्रश्न हमखास निघतो. मूल सात वर्षांचं झालं, आता त्याला काहीतरी 'लावायचंय', तर काय लावू? माझी थोरली पेटी शिकली, धाकटा तबला शिकतोय. मधल्या काळात एक कीबोर्डही घरी आला. सध्या त्याच्यावर इस्त्रीला द्यायच्या कपड्यांची चळत असते. माझं मत एकतर्फी वाटलं, तर कारण हे असं आहे.

पेटीचा मोठा गुण म्हणजे ती पहिल्याच दिवशी वाजते. भाता हलवला, पट्टी दाबली की सूर येतो आणि तो बरोबरच येतो. पंधरा दिवसांत अलंकार, म्हणजे सुरांचे सोपे पलटे, महिन्या-दोन महिन्यांत एखादी प्रार्थना, आजी-आजोबा खूश. तबल्याचं तसं नाही. नुसता 'ना' हा एक बोल काढायचा तरी अनामिका शाईच्या (मधल्या काळ्या गोलाच्या) कडेला हलकेच टेकलेली हवी, मधलं बोट उचललेलं हवं आणि तर्जनीचा आघात नेमका चाटेवर, म्हणजे बाहेरच्या काठावर, पडायला हवा. आमच्याकडे दीड महिना नुसतं 'टक टक' चाललं होतं. मग एका रविवारी 'ना' खणकन वाजला, आणि तो वाजल्याचं सगळ्यांत आधी धाकट्यालाच कळलं. हा दीड महिना धीर धरणारं मूल आहे का, आणि त्याहून महत्त्वाचं, धीर धरणारे आईबाप आहेत का, हे आधी पाहावं.

तबल्याची एक गंमत मात्र मला फार उशिरा कळली. त्याचा निम्मा रियाज तबल्याशिवाय होतो. बोल तोंडाने म्हणायचे, हाताने टाळी द्यायची. तीनतालाच्या १६ मात्रा, पहिल्या, पाचव्या आणि तेराव्या मात्रेवर टाळी, नवव्या मात्रेवर 'खाली', म्हणजे टाळी न देता हात मोकळा. धाकटा हे रिक्षात करतो, आंघोळ करताना करतो, वरणभात कालवताना करतो. 'रियाजाला बस' म्हणून त्याच्या मागे लागावं लागत नाही. थोरलीच्या मागे लागावं लागायचं.

पेटीचा दोष तिच्या गुणातच आहे. सूर तयार मिळतो, त्यामुळे कानाला काम उरत नाही. दोन सुरांमधून घसरत जाणारी मींड पेटीवर निघत नाही. याच तक्रारीवरून आकाशवाणीने १९४० साली पेटीवर बंदी घातली होती, आणि ती १९७१ पर्यंत टिकली. महाराष्ट्राने मात्र पेटीला कधी अंतर दिलं नाही. गोविंदराव टेंबे, पी. मधुकर, आप्पा जळगावकर, तुळशीदास बोरकर हे सगळे पेटीवादक आपल्याकडचेच.  दोषावर उपाय सोपा आहे: पट्टी दाबण्याआधी तो सूर मुलाने गायचा, मग वाजवून ताडून पाहायचा. थोरलीच्या बाई हे कटाक्षाने करून घ्यायच्या. मुलाला गायला अजिबात आवडत नसेल, तर पेटी हे त्याचं पहिलं वाद्य नव्हे, असं माझं स्पष्ट मत आहे.

देखभालीत पेटी जिंकते. चांगली पेटी वर्षानुवर्षं सुरात राहते. पावसाळ्यात एखादी पट्टी अडकते, आणि माळ्यावर टाकली तर झुरळं नि उंदीर आत शिरतात, एवढं सांभाळायचं. तबला मात्र हवा बदलली की उतरतो. मग हातोडी घेऊन गजऱ्यावर (कडेच्या विणलेल्या गोटावर) ठोके द्यायचे, जास्त फरक असेल तर गट्टे (वाद्यांखालचे लाकडी ठोकळे) सरकवायचे. सात वर्षांच्या मुलाला हे जमत नाही, म्हणजे ते तुम्हाला शिकावं लागणार. मला तीन महिने लागले, आणि तेवढ्यात एक पुडी (तबल्याचं वरचं कातडं) माझ्याच हातून गेली. घामट हाताने वाजवलं की शाई खराब होते. थोडी पावडर आणि स्वच्छ फडकं जवळ ठेवावं.

खरेदीआधी शिक्षकांना पट्टी, म्हणजे कोणत्या सुरात वाद्य लावायचं ते, विचारा. साधारण साडेपाच इंची तोंडाचा तबला काळी एकच्या (पेटीवरच्या पहिल्या काळ्या पट्टीच्या सुराच्या) आसपास लागतो. क्लासमध्ये सगळे त्याच पट्टीत वाजवत असतील, तर आपला वेगळा नको. पोरांसाठी म्हणून मिळणारे खेळण्यातले छोटे तबले घेऊ नयेत, त्यांचा आवाज ऐकून मूल वाजवणंच सोडतं. खर्च ढोबळ सांगायचा तर बरा तबला-डग्गा ८ ते १२ हजार, बरी पेटी १५ हजारांच्या पुढे. पेटी जुनी घ्यायला हरकत नाही, पण भाता भरून, पट्टी न दाबता हवा किती वेळ टिकते ते पाहून घ्या. मूल डावखुरं असेल तर तबल्याच्या गुरुजींना आधीच विचारा. काही जण जोडी उलटी मांडू देतात, काही अजिबात देत नाहीत.

आता कीबोर्ड. आमचा फसला, कारण त्यात शंभर आवाज आणि तयार ठेके होते. थोरली बटणं दाबून नाच करायची, वाजवायची नाही. पण दोष सगळा वाद्याचा नाही. पुढे पियानोकडे जायचं असेल, पाश्चात्त्य नोटेशन वाचायला शिकायचं असेल, लंडनच्या ट्रिनिटी कॉलेजच्या संगीत परीक्षा द्यायच्या असतील, तर कीबोर्डच योग्य. दोन्ही हातांची बोटं त्यात तयार होतात, पेटीत डावा हात भात्यावरच राहतो. आणि खालच्या मजल्यावर तान्हं बाळ असेल तर हेडफोन हा मोठाच आधार. फक्त पूर्ण रुंदीच्या ६१ पट्ट्यांचा आणि बोटाच्या दाबाप्रमाणे आवाज लहानमोठा होणारा घ्या.

बासरीचा मोह बऱ्याच जणांना होतो, स्वस्त असते म्हणून. सहा-सातव्या वर्षी पुढचे दुधाचे दात पडत असतात, फुंक नीट बसत नाही, आणि मोठ्या बासरीच्या भोकांपर्यंत बोटंही पोचत नाहीत. दोन-तीन वर्षं थांबलेलं बरं.

परीक्षांचं आकर्षण मोठं असतं. गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या प्रारंभिकपासून विशारदपर्यंतच्या परीक्षा तबल्यालाही आहेत आणि पेटीलाही, दहावीला वाढीव गुणही मिळतात. त्यामुळे या मुद्द्यावर दोन्हींत फरक नाही. फरक पडतो तो क्लासच्या अंतराने. पायी दहा मिनिटांवर बरे शिक्षक ज्या वाद्याचे असतील, त्याचं पारडं मी जड मानतो. ऑनलाइन शिकवणीत आवाज किंचित मागून येतो, त्यामुळे गुरू-शिष्यांना एकत्र वाजवता येत नाही. तबल्याला हे जास्त नडतं.

परवा खालच्या काकू विचारत होत्या. नातू दिवसभर डबे, टेबल, बाबांची पाठ, जे मिळेल ते बडवतो. तरी त्याला पेटीला घालायचं म्हणतात, कारण आजोबांची पेटी घरात पडून आहे. मी म्हटलं, काकू, तिचा भाता फाटलाय, ती आधी दुरुस्तीला टाका. तोवर दोन महिने त्याला आमच्याबरोबर तबल्याच्या क्लासला नुसतं बसायला पाठवा.