पोलिस वापरून पाहिलं: उत्तर द्यायचं बटणच नाही!

लिंक टाकल्यावर पाच मिनिटांत पहिला फोन. "बाई, पोलिसांची लिंक कशाला टाकलीत? कुणी तक्रार केली का?" माझाच जुना विद्यार्थी, आता किराणा दुकानदार. म्हटलं, अरे, खाकीवाले नव्हेत. ग्रीक भाषेत पोलिस म्हणजे नगर. लोकांची मतं जुळवून बघायची वेबसाइट आहे ही. फुकट आहे म्हटल्यावर त्याने उघडली.

आमच्या प्रभागाच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर दीडशेच्या वर माणसं, बोलणारे आठ. विषय एकच: गुरुवारचा बाजार एसटी स्टँडच्या रस्त्यावरून हलवायचा की नाही. एका वहिनींनी एकदाच तोंड उघडलं, तर "वहिनी, तुम्हाला यातलं काय कळतं" आणि खाली चार हसरे चेहरे. त्यानंतर त्या फक्त वाढदिवसांना केक पाठवतात.

पोलिसवर असं होत नाही, कारण कुणाला उत्तर देताच येत नाही. एकाने छोटंसं वाक्य लिहायचं, इतरांनी सहमत, असहमत किंवा 'पुढे' करायचं. वाक्य खटकलं तर आपलं वेगळं लिहायचं, बस. कोण कुणासारखं मत देतं ते पाहून यंत्र माणसांचे गट पाडतं आणि सगळ्या गटांना पटलेली वाक्यं वर काढून दाखवतं. ज्याचा आवाज मोठा त्याला इथे काहीच जास्तीचं मिळत नाही. आमच्या आठांपैकी तिघं याच कारणावरून रुसले.

मला हे तैवानमुळे कळलं. 2014 च्या मार्चमध्ये तिथले विद्यार्थी चीनबरोबरच्या व्यापार करारावरून संसदेत घुसून तीन आठवडे ठाण मांडून बसले होते. त्या सूर्यफूल आंदोलनानंतर 'गव्ह झीरो' या संगणक जाणणाऱ्या नागरिकांच्या गटातल्या स्वयंसेवकांनी सरकारला सोबत घेऊन व्हीतैवान हे लोकांची मतं घ्यायचं व्यासपीठ उभं केलं, आणि 2015 मध्ये उबरचं भांडण पोलिसवर आणलं. सुरुवातीला टॅक्सीवाल्यांची बाजू घेणारे एकीकडे, उबरची घेणारे दुसरीकडे. पण प्रवाशांची सुरक्षितता, विमा अशा मुद्द्यांवर दोघांचं जुळलं. (व्हीतैवानच्या शिफारशी सरकारवर बंधनकारक नसतात. आमच्या तर नगरपरिषद वाचेल की नाही, हीच शंका.) तरी म्हटलं, गुरुवारचा बाजार ही आपली उबर.

सुरुवातीला मीच घोळ घातला. "बाजार मैदानावर हलवावा आणि रस्त्यावर पार्किंग करावं" असं वाक्य टाकलं. अर्धं पटलेल्याने काय दाबायचं? पेपर काढताना एका प्रश्नात दोन प्रश्न घालू नयेत, हे आयुष्यभर इतरांना शिकवलं! वाक्य तोडून दोन केली.

दुसरी अडचण जास्त अवघड. ज्यांच्या पोटाचा प्रश्न, त्या भाजीवाल्यांपैकी बऱ्याच जणींकडे साधा फोन. मग माझी नात गुरुवारी पाटीपाटीपुढे उकिडवी बसून वाक्यं वाचून दाखवत फिरली आणि त्या सांगतील ते लिहून घेत गेली. गर्दीत एकेकीला पंधरा मिनिटं लागली. त्यातूनच हे वाक्य आलं: "मैदानावर जाऊ, पण आधी तिथं बायकांसाठी संडास बांधा." दुकानदारांच्या गटालाही ते पटलं, भाजीवाल्यांनाही. ग्रुपवर दोन वर्षं भांडण चाललं, त्यात संडास हा शब्द एकदाही आला नव्हता.

पाचपैकी चार तारे देईन. एक कापते तो माझ्या स्वतःच्या हातासाठी. नवं वाक्य लोकांपुढे जावं की नाही, हे चर्चा उघडणारा ठरवू शकतो. मी एका नगरसेवकाचं नाव घेणारं वाक्य अडवलं, परप्रांतीय विक्रेत्यांना शिवी देणारंही अडवलं. दुसऱ्याचा पस्तावा नाही. पहिलं मात्र अजून टोचतं, कारण शिवी त्यात नव्हती, फक्त प्रश्न होता, आणि तो नगरसेवक माझ्या भावकीतला आहे.

पुढचा विषय कचरा डेपोचा. त्यात मंजुरीला मी एकटी बसणार नाही. तो किराणावाला, एक भाजीवाली आणि त्या केकवाल्या वहिनी असणार आहेत. वहिनींनी होकार द्यायला दोन दिवस घेतले, मग विचारलं, "तुमचं वाक्यसुद्धा अडवता येईल ना?"