बाजूची जागा कमी पडते: नकाशा बदलावा, सवलत मागावी की आधी बांधून टाकावं?

गावात घर बांधायला काढलं की हा पेच हमखास उभा राहतो. प्लॉट हातात असतो, मिस्त्री ठरलेला असतो आणि नकाशा काढताना कळतं की नियमाप्रमाणे मार्जिन, म्हणजे भिंत आणि हद्द यांच्यातली मोकळी जागा, सोडलं तर एक खोली जाते. मग तीन सल्ले मिळतात. इंजिनिअर म्हणतो नकाशा बदला, ओळखीचा बाबू म्हणतो सवलतीचा अर्ज करा आणि चावडीवरचे म्हणतात बांधून टाका, कोण येतं पाहायला!

माझं मत आधीच सांगतो. जागा रस्त्याच्या बाजूनं कमी पडत असेल तर नकाशाच बदला. शेजारच्या किंवा मागच्या बाजूनं कमी पडत असेल आणि अडचण प्लॉटच्या आकाराची असेल, तर सवलत जरूर मागा. चावडीवरचा सल्ला मात्र ऐकू नका.

हा फरक नियमातूनच येतो. राज्याची एकत्रिकृत विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावली डिसेंबर २०२० मध्ये लागू झाली. मालकाला खरोखरीची, दाखवता येण्याजोगी अडचण असेल तर विशेष लेखी परवानगीनं मोजमापात सूट देण्याचा अधिकार तिनं प्राधिकरणाला, म्हणजे बांधकाम परवानगी देणाऱ्या कार्यालयाला, दिला आहे. त्यासाठी प्रीमियम, म्हणजे जादा शुल्क, भरावा लागू शकतो, अटीही येतात. मात्र रस्त्याच्या हद्दीपासून सोडायच्या अंतरात अशी सूट मिळत नाही. आरोग्य, आग आणि इमारतीची मजबुती यांना धक्का लागत असेल तरीही नाही. म्हणून समोरचा ओटा रस्त्याकडं दोन फूट पुढं घेण्यासाठी अर्ज करणं म्हणजे फी आणि वेळ दोन्ही वाया.

गावठाणातल्या अरुंद गल्लीत तर टेप लावून पाहाच. साडेचार मीटरपेक्षा कमी रुंदीच्या गल्लीत अंतर मोजतात ते गल्लीच्या मध्यापासून, सव्वादोन मीटर. गल्ली तीन मीटरची असेल तर मध्यापासून तुमच्या हद्दीपर्यंत दीडच मीटर भरतं, म्हणजे आपल्या जागेतून आणखी पाऊण मीटर, जवळजवळ अडीच फूट, मागं सरावं लागतं. जुन्या घराचा ओटा गल्लीला टेकलेला असला म्हणून नवीन भिंत तिथंच उठवता येत नाही. स्वामित्व योजनेत ड्रोननं गावठाणाची मोजणी होऊन मिळकत पत्रिका आली असेल तर हद्द कागदावर स्पष्ट दिसते. ग्रामपंचायतीचा नमुना आठ कर आकारणीचा आहे, त्यावर हद्दीचा वाद सुटत नाही.

आता नकाशा बदलण्याकडं वळू. लोक याला माघार समजतात, मला तसं वाटत नाही. आपल्याकडं एप्रिल-मे कसा असतो हे वेगळं सांगायला नको. कूलर खिडकीबाहेर स्टँडवर बसतो, मागून हवा ओढतो, वाळ्याच्या ताट्या बदलायला माणसाला त्याच्यामागं उभं राहावं लागतं. भिंत शेजाऱ्याच्या हद्दीला टेकवली की त्या बाजूची खिडकी गेली आणि कूलरही गेला. पावसाळ्यात वळचणीचं पाणी शेजाऱ्याच्या अंगणात पडतं, ते भांडण वेगळंच. खोली दोन फुटांनी लहान करून किंवा जिना आतून घेऊन मार्जिन वाचत असेल तर तेच करा. माडी चढवून जागा भरून काढता येते. खर्च वाढतो हे खरं, पण सवलतीच्या सहीसाठी थांबावं लागत नाही.

सवलतीची वाट खरी कोणासाठी आहे? समजा प्लॉट समोरून तीस फूट आहे आणि पाणंद तिरपी गेल्यामुळं मागं बावीस फूटच उरला. दोन्ही बाजूंना पाच-पाच फूट सोडले तर मागच्या भागात बारा फुटांची पट्टी राहते. ही अडचण जमिनीची आहे, मालकाच्या हौसेची नाही. अर्जाचं सगळं बळ इथंच असतं. मोजणी नकाशाची क प्रत (भूमी अभिलेख कार्यालयाकडून मिळते), नियमात बसवलेला नकाशा आणि सवलतीचा नकाशा असे दोन्ही शेजारीशेजारी जोडा, म्हणजे पहिल्यात घर राहण्याजोगं का होत नाही ते नजरेत येतं. त्या बाजूच्या शेजाऱ्याचं लेखी संमतीपत्र घ्या. ते परवानगीची जागा घेत नाही, पण तक्रार अडवतं. शेजाऱ्याची खिडकी वीस वर्षांपासून तिथून उजेड-हवा घेत असेल तर १८८२ च्या सुखाधिकार कायद्यानं त्याचा हक्क तयार झालेला असू शकतो. मग प्राधिकरणानं हो म्हटलं तरी तो दिवाणी दावा लावू शकतो.

एक गोष्ट कळकळीनं सांगतो. ज्या घरी कापूस साठतो आणि बाजूच्या बोळीत पऱ्हाटीचा ढीग लागतो, त्यांनी ही सवलत मागू नये. अग्निशमनची गाडी तालुक्याहून येणार. मधली मोकळी पट्टी हीच तोवर आगीला आडकाठी असते.

अर्ज कुठं द्यायचा हे जागेवर ठरतं. गावठाणात सुरुवात ग्रामपंचायतीपासून करा. गावठाणाबाहेर प्रादेशिक योजनेच्या क्षेत्रात महसूल आणि नगर रचना यांच्याकडं जावं लागतं. नागपूर जिल्ह्यातल्या ७१९ गावांसाठी महानगर प्रदेश विकास प्राधिकरण आहे. दीडशे चौरस मीटरपर्यंतच्या प्लॉटला परवानगीऐवजी नकाशा व फीसह सूचना पुरते, पण त्यानं मार्जिन माफ होत नाही. इथं बरेच जण फसतात.

राहिला चावडीवरचा सल्ला. १९६६ च्या नगररचना अधिनियमाच्या कलम ५२ मध्ये एक महिना ते तीन वर्षे कैद आणि दंडाची तरतूद आहे. कलम ५३ ची नोटीस आली की पाडण्याची पाळी येते. 'नंतर दंड भरून नियमित करू' म्हणणाऱ्यांनी कलम ५२-अ वाचावं. बेकायदा बांधकाम नियमित करण्याची ती सवलत ३१ डिसेंबर २०१५ पर्यंतच्या बांधकामांसाठी होती. सर्वोच्च न्यायालयानंही १७ डिसेंबर २०२४ च्या निकालात स्पष्ट केलं की वेळ गेला, पैसा लागला, अधिकारी गप्प बसले, एवढ्यावर बेकायदा बांधकाम नियमित होत नाही. बँकांनी कर्ज देण्याआधी पूर्णत्वाचा दाखला पाहावा, असंही त्यात आहे. पोराच्या नावावर घर करताना किंवा कर्ज काढताना हीच भिंत आडवी येते.

सवलतीचा अर्ज करायचा ठरलाच तर पाया खोदण्याआधी करा. पाया भरून झाल्यावर केलेला अर्ज वाचणाऱ्याला आधीच नको वाटतो. नकार आला तर लेखी आदेश मागून घ्या. नगररचना अधिनियमाखाली परवानगी नाकारली असेल तर कलम ४७ प्रमाणे शासनाकडं अपील करायला आदेश कळल्यापासून ४० दिवस मिळतात, आणि तोंडी नकारावर अपील करता येत नाही.