आधी रेशनकार्डात नाव, की स्वतःचं जनधन खातं?

नाशिकच्या सातपूरला घरकाम करणाऱ्या एका ताईंनी विचारलं, पुन्हा कोरोनासारखी साथ आली तर सरकारदरबारी माझी नोंद कुठे असलेली बरी? सुट्टी एकाच कामापुरती मिळणार आहे.

२०२० मध्ये महिलांच्या जनधन खात्यात एप्रिल ते जून दरमहा ५०० रुपये आले. साधं बचत खातं असलेल्यांना तेही नाहीत. रेशनवर माणशी ५ किलो जादा धान्य मोफत मिळालं आणि ती योजना, मध्ये खंड पडून का होईना, डिसेंबर २०२२ पर्यंत चालली.

खातं आधारवर, शून्य शिल्लकीत उघडतं. कार्डाचं काम चिवट. माहेरच्या कार्डातून नाव कमी केल्याचा दाखला आणा, मग सासरच्या कार्डात नाव घाला. पेठ-सुरगाण्यासारख्या लांबच्या तालुक्यातून आलेल्या बाईची यात मजुरी बुडते.

पण हातात काय राहतं? २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्याने घरातली थोरली स्त्री कार्डावर कुटुंबप्रमुख असते. सासू असेपर्यंत सून नुसती सदस्य, आणि नवऱ्याने टाकलं तर कार्ड सासरीच राहतं. बाईचा नागरिक म्हणून हक्क असा कुटुंबाच्या आडून यावा, हे मला मान्य नाही. खातं तिचं एकटीचं. फक्त त्याला जोडलेला मोबाईल नंबरही तिचाच हवा.

घरात खाणारी तोंडं जास्त असतील, तर रेशनकार्ड आधी. गावच्या कार्डात नाव असेल, तर नाशिकच्या दुकानातही अंगठा लावून धान्य मिळतं. एकट्या राहणाऱ्या किंवा सासर तुटलेल्या बाईने खातं आधी उघडावं, मग स्वतंत्र कार्डासाठी अर्ज करावा.