लाझारस: डेस्कटॉप सॉफ्टवेअरसाठी फुकट आणि एकदम भरवशाचं टूल

डेस्कटॉप सॉफ्टवेअर करायचंय, लँग्वेज कुठली घेऊ, असं विचारलं की बहुतेक जण पायथॉन नाहीतर सी शार्प सांगून मोकळे होतात. दोन्ही चांगल्याच आहेत, वाद नाही. पण दुकानाचं बिलिंग, दूध संकलनाचा हिशोब, सोसायटीच्या मेंटेनन्सच्या पावत्या असली कामं एकट्याने करून द्यायची असतील तर माझं मत लाझारसला. म्हणजे फ्री पास्कल कंपायलर (पास्कल भाषेतला कोड चालणाऱ्या प्रोग्राममध्ये बदलणारा) आणि त्याच्यावर बसवलेला आयडीई (कोड लिहायचं, फॉर्म मांडायचं सॉफ्टवेअर), दोन्ही ओपन सोर्स, म्हणजे कोड सगळ्यांना खुला, आणि दोन्ही फुकट.

आधी एक गोष्ट बघा, सॉफ्टवेअर चालणार कुठल्या मशीनवर. आपल्याकडे गिऱ्हाइकाच्या काउंटरवर आजही विंडोज ७ चा पीसी असतो, रॅम जेमतेम, नेट म्हणजे मोबाईलचा हॉटस्पॉट, आणि मालक म्हणतो मशीन चालतंय की, बदलू कशाला, आणि त्याचं बरोबरच आहे. आता पायथॉन ३.९ पासून विंडोज ७ वर चालत नाही, सी शार्प ज्यावर चालतं त्या डॉट नेटचा विंडोज ७ चा सपोर्ट ७ व्या व्हर्जनपासून गेला, वेब तंत्राने डेस्कटॉप अ‍ॅप करायच्या इलेक्ट्रॉनने तो २३ व्या व्हर्जनला सोडला. जुना डॉट नेट फ्रेमवर्क ४.८ चालतो, पण तो मशीनवर नसेल तर आधी तो टाकत बसा. लाझारसची ३२ बिट ईएक्सई मात्र पेनड्राइव्हवरून कॉपी केली, डबल क्लिक केलं, सुरू. रनटाइम (प्रोग्राम चालायला आधी टाकावं लागणारं वेगळं सॉफ्टवेअर) नाही, इंस्टॉलर नाही, काही नाही. माझ्यासाठी निर्णय इथेच झाला.

पास्कल मेली असं ऐकवणारे भेटतील. निकलाउस विर्थ यांनी १९७० मध्ये भाषा आणली, १९८३ ला टर्बो पास्कल आलं, १९९५ ला बोरलँड कंपनीचं डेल्फी, पास्कलमध्येच फॉर्म मांडून सॉफ्टवेअर करायचं टूल. लाझारस त्याच डेल्फीच्या वळणावर गेलंय, १९९९ पासून काम चालू आहे आणि आजही नवीन व्हर्जन येतायत. डबल कमांडर (फाइल मॅनेजर), पीझिप (फाइल झिप करणारं) ही लोक रोज वापरतात ती सॉफ्टवेअर यातच केलेली आहेत. आणि ज्याने कधी व्हीबी६ वर, म्हणजे मायक्रोसॉफ्टच्या जुन्या व्हिज्युअल बेसिकवर काम केलंय त्याला तर घरी आल्यासारखं वाटेल: फॉर्मवर बटण टाका, डबल क्लिक करा, कोड लिहा, एफ९ दाबा, प्रोग्राम चालू. एफ१२ ने फॉर्म आणि कोडमध्ये उड्या मारा. कंपाइल इतकं पटकन होतं की जुन्या लॅपटॉपवरही वाट बघायला लागत नाही.

लायसन्सचं पण नीट समजून घ्या. लाझारसची कंपोनंट लायब्ररी (बटण, ग्रिड असे तयार भाग) सुधारित एलजीपीएल या ओपन सोर्स लायसन्सखाली आहे, त्यात स्टॅटिक लिंकिंगला, म्हणजे लायब्ररी आपल्या ईएक्सईतच मिसळायला, स्पष्ट सूट दिलेली आहे, म्हणजे आपलं सॉफ्टवेअर विका, सोर्स द्यायची सक्ती नाही. पायथॉनमध्ये खिडक्या-बटणं करायला पायक्यूटी घेतलं तर जीपीएल पाळा, म्हणजे आपला सोर्सही द्या, नाहीतर पैसे भरा (तसंच काम करणाऱ्या पायसाइडला ही अडचण नाही). डेल्फीची कम्युनिटी एडिशन फुकट आहे पण वर्षाला ५००० डॉलरच्या कमाईची मर्यादा. व्हिज्युअल स्टुडिओ कम्युनिटी एकट्या डेव्हलपरला धंद्यासाठीही फुकट चालतं, ते खरंच उत्तम आहे, फक्त विंडोजपुरतंच आणि इंस्टॉल करायला बक्कळ जागा हवी.

आता मराठीचं. लाझारसमध्ये स्ट्रिंग (मजकूर) यूटीएफ-८ या युनिकोड पद्धतीत असते, त्यामुळे लेबल, ग्रिड, मेनू सगळीकडे देवनागरी सरळ दिसते, फॉन्ट विंडोज ७ वर मंगल, नव्या विंडोजवर निर्मला ठेवा, जोडाक्षरं विंडोज सांभाळतं. जुन्या नॉन-युनिकोड फॉन्टच्या भानगडीत ज्यांनी वर्षं घालवली त्यांना याची किंमत कळेल. फक्त एक लक्षात ठेवा, नेहमीचं लेंग्थ फंक्शन अक्षरं नाही, बाइट मोजतं (देवनागरीचं एक चिन्ह म्हणजे तीन बाइट), 'मराठी' ला उत्तर १५ येतं. यूटीएफ८लेंग्थ लावलं तर ५ येतं, पण त्यात काना-वेलांटी पण वेगळी मोजली जाते, म्हणून बिलाचे कॉलम स्पेस मारून जुळवायला जाऊ नका, कॅनव्हासच्या (ज्यावर छापायचं तो पृष्ठभाग) टेक्स्टविड्थ फंक्शनने मजकुराची रुंदी घ्या आणि तिथून पुढे छापा. एकदम सरळ बिल येतं.

पैशासाठी करन्सी नावाचा टाइप भाषेतच आहे, चार दशांश स्थळांपर्यंत नेमका हिशोब, पैशापैशाचा फरक पडत नाही. डेटा साठवायच्या एसक्यूलाइट डेटाबेसमध्ये असा वेगळा टाइप नाही, तिथे रक्कम पैशात करून पूर्णांक ठेवा. आणि आकडे मांडून देणारं फॉरमॅटफ्लोट फंक्शन स्वल्पविराम तीन-तीन आकड्यांवर देतं, म्हणजे सव्वा लाख १२५,००० असे दिसतात, आपल्या गिऱ्हाइकाला १,२५,००० हवेत, त्यासाठी छोटं फंक्शन स्वतः लिहावं लागतं. हे खटकतंच.

बाकी खटकणाऱ्या गोष्टीही सांगतो. डॉक्युमेंटेशन विस्कळीत आहे, काही पानं सुरेख, काही अर्धवट. सुट्या सुट्या खिडक्यांचा आयडीई नवीन माणसाला गोंधळात टाकतो, अँकर डॉकिंग लावून सगळं एका खिडकीत आणा. पहिली ईएक्सई डीबग माहितीमुळे (चुका शोधायला आत ठेवलेली) भलतीच मोठी होते, बिल्ड मोड रिलीज करा, काही एमबीवर येते. एसक्यूलाइटची डीएलएल (लायब्ररीची फाइल) ईएक्सईशेजारी ठेवा आणि दोन्ही एकाच बिटची ठेवा, ३२ ला ३२, नाहीतर लायब्ररी लोड होत नाही असा एरर येणारच. अँटीव्हायरस पण कधीकधी साइन न केलेल्या नव्या ईएक्सईवर उगाच शंका घेतो, गिऱ्हाइकाला आधीच सांगून ठेवा.

नोकरीसाठी शिकत असाल तर मात्र हे घेऊ नका, पास्कलच्या जागा कमी निघतात, सी शार्प किंवा जावा धरा. डेटा, चार्ट, मशीन लर्निंग असं काही असेल तर पायथॉनला पर्याय नाही. पण स्वतःचं छोटं सॉफ्टवेअर करून विकायचं असेल तर ६४ बिट लाझारस टाका, सोबत ३२ बिटचं क्रॉस कंपाइल अ‍ॅडऑन पण टाका, म्हणजे त्याच मशीनवर ३२ बिट ईएक्सईही बनते, आणि पहिल्याच दिवशी एक फॉर्म, एक ग्रिड आणि एसक्यूलाइटचं एक टेबल जोडून बघा.