जिप्सीच्या ट्रान्सफर केससाठी ४.१६ चा गिअर संच: इंदूर परिसरातील वर्षभराच्या वापरानंतरचा अभिप्राय

गेल्या वर्षी पावसाळा संपल्यावर मी माझ्या १.३ लिटर एमपीएफआय इंजिनाच्या मारुती जिप्सीच्या ट्रान्सफर केसमधले मूळ गिअर काढून त्या जागी ४.१६ चा संच बसवून घेतला. ट्रान्सफर केस म्हणजे गिअरबॉक्समधून आलेली शक्ती पुढच्या आणि मागच्या चाकांकडे नेणारी पेटी. तिच्यात रस्त्यासाठी ‘हाय’ आणि कठीण वाटांसाठी ‘लो’ अशा दोन श्रेणी असतात, आणि ४.१६ हे या संचातले लोचे प्रमाण आहे. त्यानंतर एक हिवाळा, एक उन्हाळा आणि एक संपूर्ण पावसाळा ही गाडी सिमरोल, चोरल आणि महूच्या पलीकडच्या कच्च्या वाटांवर चालली, आणि रामबागेतल्या घरापासून कचेरीपर्यंत रोजही चालली. आता या संचाविषयी आणि तो बसवणाऱ्या गॅरेजविषयी काही ठाम लिहिता येईल असे वाटते. मात्र संच चांगला की वाईट यापेक्षा आपल्या गाडीला कोणता आकडा योग्य, हा प्रश्न मला अधिक महत्त्वाचा वाटतो, आणि माझा बराच वेळ त्याच प्रश्नावर गेला.

मूळ अडचण उतारांवर आली. इंदूरच्या दक्षिणेला मालव्याचे पठार संपते आणि विंध्याची कड निमाडात उतरते. तिथल्या वाटा म्हणजे बेसॉल्टचे सुटे, गोलसर दगड आणि त्यांच्यामधून वाहून गेलेली माती. अशा जागी गाडी माणसाच्या चालीपेक्षाही हळू उतरली पाहिजे आणि ब्रेकवर कमीत कमी पाय ठेवावा लागला पाहिजे. माझी गाडी फोर-लोमध्ये (चारही चाकांना शक्ती आणि लो श्रेणी) पहिल्या गिअरमध्येही हवी त्याहून वेगाने खाली ओढून नेत असे. त्यात मी २०५/७० आर१५ चे मूळ टायर काढून २३५/७५ आर१५ चे बसवले होते, म्हणजे चाकाचा व्यास साधारण ६६८ मिलिमीटरवरून ७३३ मिलिमीटरवर गेला होता. चाक दहा टक्के मोठे झाले की सगळी गिअर-प्रमाणे दहा टक्क्यांनी उंच होतात (तेवढ्याच फेऱ्यांवर गाडी अधिक वेगाने जाते, पण ओढ कमी होते), आणि त्याची किंमत क्लचला मोजावी लागते. चढणीवर दगड ओलांडताना अर्धा दाबलेला क्लच आणि त्याचा जळका वास हे माझ्या सहलींचे नेहमीचे चित्र झाले होते.

जिप्सीच्या ट्रान्सफर केसची रचना समजून घेतल्याशिवाय आकड्यांना अर्थ येत नाही. ही केस गिअरबॉक्सला चिकटलेली नसते. ती वेगळी, रबरी माउंटिंगवर चेसिसला टांगलेली असते आणि एका आखूड शाफ्टने गिअरबॉक्सशी जोडलेली असते. तिच्यात शक्ती सरळ पार होत नाही. इनपुट गिअरवरून ती काउंटर गिअरवर येते आणि तिथून हायच्या किंवा लोच्या गिअरमार्फत आउटपुट शाफ्टवर जाते. म्हणूनच जिप्सीमध्ये हाय हे १:१ नसून १.४०९ आहे आणि लो २.२६८ आहे. मारुतीच्याच नव्या जिम्नीत हाय १.००० आणि लो २.००२ आहे, त्यामुळे जिम्नीचे हिशोब जिप्सीला जसेच्या तसे लावून चालत नाहीत. काउंटर गिअर हा एकसंध तुकडा असल्यामुळे तो बदलला की लोबरोबर हायवरही परिणाम होतो, आणि ही गोष्ट पुष्कळ लोक संच बसवल्यानंतर रस्त्यावर गेल्यावर शिकतात. संच घेताना लोचा आकडा तर सगळेच विचारतात. हायचे प्रमाण किती खाली येणार (म्हणजे त्याचा आकडा वाढून तेवढ्याच फेऱ्यांवर गाडी किती हळू होणार), हेही तितक्याच आग्रहाने विचारले पाहिजे. मी घेतलेल्या संचात हाय सुमारे १२ टक्क्यांनी खाली येते, म्हणजे १.४०९ चे १.५८ होते.

आता निवडीचा हिशोब. गिअरबॉक्सचा पहिला गिअर ३.६५२ आहे. माझ्या गाडीचे अ‍ॅक्सलचे प्रमाण ३.९०९ आहे, म्हणजे चाकांना फिरवणाऱ्या क्राउन गिअरचे ४३ दात आणि त्याला फिरवणाऱ्या पिनियनचे ११. हा आकडा मात्र प्रत्येकाने आपल्या गाडीवर तपासून घ्यावा, कारण जुन्या गाड्यांचे अ‍ॅक्सल अनेकदा बदललेले असतात. पहिला गिअर, लो आणि हे शेवटचे प्रमाण या तीन आकड्यांचा गुणाकार म्हणजे क्रॉल रेशो; तो जितका मोठा, तितकी गाडी हळू रांगते. मूळ गिअरवर तो सुमारे ३२ येतो. इंजिन मिनिटाला ८०० फेऱ्यांवर आयडल करत असेल, तर २३५ च्या टायरवर गाडी ताशी ३.४ किलोमीटर वेगाने सरकते. ऐकायला हा वेग कमी वाटतो, पण दगडांच्या पायऱ्यांवर तो फार आहे.

पहिला पर्याय होता जुन्या १ लिटर सुझुकी एसजे४१० चे गिअर. त्यांत हाय १.५८० आणि लो २.५११ आहे. म्हणजे हाय साधारण १२ टक्क्यांनी आणि लो ११ टक्क्यांनी खाली येते. टायर मोठे केल्याने जे दहा टक्के गमावले होते, ते जवळपास तंतोतंत परत मिळते. ज्यांना फक्त मोठ्या टायरमुळे मंदावलेली गाडी पुन्हा पूर्वीसारखी हवी आहे, महामार्गावर आणि घाटात चौथा-पाचवा गिअर नीट ओढला पाहिजे एवढीच अपेक्षा आहे, त्यांच्यासाठी हा सर्वांत शहाणपणाचा मार्ग आहे असे माझे मत आहे. माझी गरज त्याहून पुढची होती, कारण मूळ टायरवर, मूळ प्रमाणांवरही, मला उतारावर समाधान नव्हते.

दुसरा पर्याय ४.१६. यात क्रॉल रेशो ५९ च्या पुढे जातो आणि आयडलवर वेग ताशी १.९ किलोमीटरच्या आत येतो. कागदावर हिशोब मांडताना मला जी गोष्ट सर्वांत पटली ती अशी, की ४.१६ वर लोमधला दुसरा गिअर ३१.७ येतो, म्हणजे जुना पहिला गिअर आता दुसऱ्याच्या जागी आला आणि त्याच्याखाली एक पूर्ण नवा गिअर मिळाला. शिवाय लोमधला तिसरा आणि हायमधला पहिला जवळजवळ सारखे येतात, त्यामुळे दोन्ही श्रेणी एकमेकींवर व्यवस्थित चढतात आणि मध्ये पोकळी राहत नाही.

त्यापुढे ४.८९ आणि ६.५ चेही संच मिळतात. ६.५ वर क्रॉल रेशो ९२ च्या वर जातो आणि गाडी ताशी १.२ किलोमीटरने रांगते. हा आकडा मोहात पाडतो, आणि मीही काही आठवडे त्या मोहात होतो. पण ६.५ वर लोमधला चौथा गिअरसुद्धा हायच्या पहिल्यापेक्षा खाली राहतो. लोमध्ये थोडा वेग हवा असेल तर केवळ पाचवाच हाताशी उरतो. मोठमोठ्या शिळांवर दिवसभर रांगणाऱ्या आणि त्याहून मोठे टायर लावलेल्या गाड्यांसाठी तो योग्य असेल. आमच्या भागातल्या वाटांवर दगडांचा पट्टा दोनशे मीटरचा असतो आणि लगेच पुढे शेताची पाणंद लागते, तिथे ही पोकळी सतत त्रास देईल.

काही मित्रांनी ट्रान्सफर केसऐवजी क्राउन-पिनियन बदलण्याचा सल्ला दिला होता. तो मी मानला नाही. ते करायचे तर पुढचे आणि मागचे दोन्ही अ‍ॅक्सल एकाच प्रमाणाचे करावे लागतात, कारण जिप्सीच्या फोर-व्हीलमध्ये मध्ये डिफरन्शियल (पुढच्या-मागच्या चाकांना वेगवेगळ्या गतीने फिरू देणारी रचना) नसते आणि दोन अ‍ॅक्सलमध्ये तफावत असेल तर सगळी ओढाताण गिअरवर येते. शिवाय त्यातून लोइतकेच हायही खाली येते. ट्रान्सफर केसमध्ये मात्र लोला भरपूर आणि हायला थोडे, असे वेगवेगळे माप देता येते. स्पीडोमीटरची केबल ट्रान्सफर केसच्या आउटपुट बाजूवरून निघत असल्यामुळे गिअर बदलल्याने स्पीडोमीटरचा आकडा बिघडत नाही. तो बिघडतो टायर बदलल्याने, आणि तो फरक माझ्या गाडीत अजूनही आहे.

काम पालद्याकडच्या एका लहान गॅरेजमध्ये झाले. तिथले काका गेली अनेक वर्षे जिप्सीच खोलतात. मी आकड्यांचा कागद घेऊन गेलो तेव्हा त्यांनी तो बाजूला ठेवून आधी विचारले, ‘‘टायर कोणते ठेवणार आहात ते सांगा, मग गिअरचे बघू.’’ एवढ्या एका प्रश्नावरून मला त्यांच्याविषयी विश्वास वाटला. त्यांनी केस उतरवली, उघडली आणि नवे गिअर लावण्याआधी जुन्या बेअरिंगची अवस्था मला हातात देऊन दाखवली. दोन बेअरिंग हाताने फिरवतानाच खरखरत होती. संच विकणाऱ्याने जाहिरातीत बेअरिंग, सील आणि पॅकिंग सोबत येईल असे म्हटले होते. प्रत्यक्षात खोक्यात फक्त गिअर निघाले, आणि आठवडाभर पत्रव्यवहार करूनही उपयोग झाला नाही. शेवटी काकांनी सियागंजच्या बाजारातून सगळे नवे आणवले. ज्यांना हे काम करायचे आहे त्यांनी बेअरिंग, सील, काउंटर शाफ्टची ओ-रिंग आणि माउंटिंगचे रबर यांचा खर्च आधीच धरावा. जुनी बेअरिंग नव्या गिअरखाली ठेवणे म्हणजे पैसे दोनदा घालवणे आहे. माउंटिंगचे रबर तर अवश्य बदलावे, कारण लोमध्ये ट्रान्सफर केसवर येणारा पीळ (टॉर्क) आता ८३ टक्के वाढलेला असतो आणि टांगलेली केस जुन्या रबरावर वळते. किमतीचा आकडा मी देत नाही, कारण आयात केलेल्या संचाचा भाव डॉलरप्रमाणे आणि आयातशुल्काप्रमाणे बदलत राहतो.

गॅरेजच्या कामात मला एकच उणीव सापडली. सुरुवातीला मागच्या आउटपुट सीलमधून तेल झिरपत होते. ते त्यांनी दुसऱ्या दिवशी, काहीही वाद न घालता, दुरुस्त करून दिले.

वापराविषयी. चोरलकडच्या दगडी उतारावर पहिल्यांदा गेलो तेव्हा ब्रेकवरचा पाय काढून बघण्याचे धैर्य गोळा करावे लागले. पाय काढला, आणि गाडी एकेक दगड चाचपडत, इंजिनाच्या आधाराने खाली आली. क्लच मी थांबेपर्यंत दाबलाच नाही. चढताना तर फरक अधिकच जाणवतो. या इंजिनाचा १०३ न्यूटन-मीटर टॉर्क ४५०० फेऱ्यांना मिळतो, म्हणजे खालच्या फेऱ्यांवर ते मुळातच अशक्त आहे. पूर्वी दगडावर चढायला वेग घ्यावा लागायचा आणि तो वेग पलीकडे उतरताना शॉकअपवर आदळायचा. आता वेग घ्यावाच लागत नाही. रिव्हर्सही तितकाच संथ झाला आहे, आणि चढण अर्धवट सोडून मागे यावे लागते तेव्हा त्याची खरी किंमत कळते.

काळ्या मातीत मात्र या संचाचा काहीच उपयोग होत नाही, हे स्पष्ट सांगितले पाहिजे. मालव्याची काळी माती ओली झाली की फुगते आणि टायरच्या खाचा भरून टाकते. तिथे चाक हळू फिरवले तर चिखल झटकला जात नाही आणि टायर गुळगुळीत होऊन जागीच फिरतो. या पावसाळ्यात पाणंदीतून जाताना मी लोमधला तिसरा किंवा हायमधला पहिला गिअरच वापरला. ६.५ घेतला नाही याचे समाधान मला इथेच सर्वांत जास्त वाटले.

आग्रा-मुंबई रस्त्यावर ताशी ८० च्या वेगाला पाचव्या गिअरमध्ये इंजिन सुमारे २८४० फेऱ्यांवर असते. मूळ टायर आणि मूळ गिअरवर हा आकडा २७८० च्या आसपास होता, म्हणजे इंजिनाला फारसा फरक कळत नाही. कानाला मात्र कळतो. नव्या गिअरची एक बारीक शीळ ताशी ५० ते ६० च्या दरम्यान ऐकू येते. ती वर्षभरात वाढली नाही आणि कमीही झाली नाही. मूळ २०५ च्या टायरवर हाच संच लावला तर फेऱ्या ३१०० च्या पुढे जातील, आणि लांबच्या प्रवासात ते थकवणारे होईल. मूळ टायरवाल्यांनी म्हणूनच हा संच घेऊ नये असे मला वाटते.

एक धोका गंभीरपणे सांगतो. चाकाला पकड नसेल तर ते घसरते आणि वाढलेला पीळ वाया जातो. पण चाक दोन दगडांच्या बेचक्यात अडकले असताना पाय दाबला, तर तो सगळा पीळ अ‍ॅक्सलच्या शाफ्टवर आणि पुढच्या चाकांच्या सीव्ही जॉइंटवर (वळलेल्या चाकालाही शक्ती पोचवणाऱ्या सांध्यावर) येतो. स्टिअरिंग पूर्ण वळलेले असेल तर पुढचा जॉइंट तुटण्याची शक्यता सर्वाधिक असते. अशा वेळी पहिला गिअर सोडून दुसरा घ्यावा, स्टिअरिंग सरळ करावे आणि मागे यावे. पुढचे हब मोकळे ठेवून, म्हणजे पुढच्या चाकांना शक्ती जाऊ न देता, लो वापरण्याची काहींची सवय असते. या संचावर ती सोडावी, कारण मग सगळा भार एकट्या मागच्या अ‍ॅक्सलला पेलावा लागतो.

जिम्नीचे मालक मला विचारतात की त्यांनीही असे काही करावे का. मॅन्युअल जिम्नीचा पहिला गिअर ४.४२५ आणि अ‍ॅक्सल ४.०९० आहे, म्हणजे तिचा क्रॉल रेशो जन्मतःच ३६ आहे, आणि घसरणारे चाक ब्रेकने धरणारी यंत्रणाही तिच्यात आहे. त्यांनी मूळ टायरवर एक-दोन वर्षे गाडी चालवून पाहावी.

पावसाळ्यानंतर मी ट्रान्सफर केसचे तेल बदलले. ड्रेन बोल्टवर बोटाला लागेल इतका करडा लेप होता, तुकडा एकही नव्हता. काकांनी झाकण उघडून दातांवरचा घर्षणाचा पट्टा पाहिला. तो दाताच्या मधोमध, सरळ होता. पुढच्या महिन्यात पुढच्या अ‍ॅक्सलचे सीव्ही जॉइंट उघडून तपासायचे ठरले आहे.