विवाहपूर्व मार्गदर्शन वर्ग, नौपाडा, ठाणे: चार शनिवारांचा अनुभव

मी मराठी प्रॉटेस्टंट घरातली आणि माझे होणारे पती वसईचे कॅथलिक. त्यांच्या धर्मग्रामाचा, म्हणजे तिथल्या स्थानिक चर्चचा, वर्ग आम्हाला करावाच लागणार होता. पण दोन्ही परंपरांची माणसे एकत्र बसतील अशी जागा हवी म्हणून नौपाड्यात काही मंडळ्यांनी (चर्चांनी) मिळून चालवलेल्या या वर्गाला आम्ही नाव नोंदवले. चार शनिवार, दुपारी चार ते सात, जोडप्यामागे १,५०० रुपये. घरखर्च, सासर-माहेर आणि आरोग्य यांवरची सत्रे व्यवस्थित झाली. मला लिहायचे आहे ते ‘घराचे मस्तक’, म्हणजे घरात पतीचे स्थान काय, या विषयाबद्दल.

दुसऱ्या शनिवारी हाती आलेल्या पत्रकात बायबलमधल्या इफिसकरांस पत्राच्या पाचव्या अध्यायातला उतारा २२व्या वचनापासून, म्हणजे पत्नीने पतीच्या अधीन असण्यापासून, सुरू होत होता. शेवटचा शब्द पतीचाच आणि हेच एकमेव ख्रिस्ती शिक्षण, असे एका पाळकांनी पाऊण तास सांगितले. तेव्हा चहाची व्यवस्था पाहणाऱ्या काकूंनी किटली खाली ठेवली, पिशवीतून कडा झिजलेले बायबल काढले, चष्मा पुसला आणि पत्रकात नसलेले २१वे वचन वाचले. त्यात सर्वांनाच एकमेकांच्या अधीन राहायला सांगितले आहे. पाळकसाहेब पुढच्या मुद्द्याकडे वळले, याचे मला मनापासून वाईट वाटले. ज्या भाषेत पंडिता रमाबाईंनी मूळ हिब्रू आणि ग्रीकवरून संपूर्ण बायबल उतरवले, त्या भाषेतल्या वर्गात एका स्त्रीच्या वाचनाला उत्तर मिळायलाच हवे होते.

तिसऱ्या शनिवारने मात्र ती उणीव बरीच भरून काढली. ब्रदरन या प्रॉटेस्टंट पंथाच्या मंडळीतले एक वयस्कर काका आणि दीक्षित पाळक असलेल्या एक बाई एकाच टेबलाशी बसल्या होत्या. काकांच्या मंडळीत स्त्रिया उपदेश करत नाहीत. स्त्रीने शिकवू नये व पुरुषावर अधिकार चालवू नये, हे तीमथ्याला पहिले पत्र, २:१२ मधले वचन ते जसेच्या तसे पाळतात. मोल समान, जबाबदाऱ्या वेगळ्या, अशी त्यांची मांडणी होती. “मस्तक होणे म्हणजे हुकूम सोडणे नव्हे, आधी स्वतःचा जीव द्यायची तयारी,” हे त्यांचे वाक्य मी वहीत लिहून घेतले. मराठीत कचेरीच्या साहेबाला आपण प्रमुख म्हणतो, मस्तक कधीच म्हणत नाही, हेही मला त्याच वेळी जाणवले.

बाईंनी सांगितले की सर्वांत जुन्या हस्तलिखितांपैकी काहींत २२व्या वचनात ‘अधीन असा’ हे क्रियापदच नाही, ते २१व्यातून पुढे घ्यावे लागते. त्यामुळे दोन वचने तोडली की वाक्यच अपुरे राहते. तीमथ्याच्या पत्रातले ‘अधिकार चालवणे’ हे ग्रीक क्रियापद नव्या करारात त्या एकाच ठिकाणी येते, म्हणून त्याच्या छटेवर अभ्यासकांत वाद आहे. रोमकरांस पत्राच्या सोळाव्या अध्यायात फिबी या स्त्रीसाठी आलेला सेविकेचा शब्द, ते पत्र लिहिणारा पौल स्वतःसाठीही वापरतो. चर्च ऑफ साऊथ इंडियात २०१३ साली ई. पुष्पललिता बिशप झाल्या, हेही त्यांनी सांगितले. माझ्या होणाऱ्या पतींनी कॅथलिक बाजू विचारली, तेव्हा उत्तर सरळ मिळाले: पोप जॉन पॉल दुसरे यांनी १९९४ मध्ये स्त्रियांना याजकपद देण्याचा अधिकार चर्चला नाही असे लिहिले, पण त्यांच्याच १९८८ च्या पत्रात पती-पत्नींनी परस्परांच्या अधीन असावे असे आहे. वेदीपाशी एक नियम आणि घरात दुसरा, हे आम्हा दोघांनाही नवीन होते.

त्या रात्री स्टेशनपर्यंत चालताना आम्ही घराच्या कर्जाचा निर्णय कोण घेणार यावर पहिल्यांदा मोकळेपणाने बोललो, आणि तलावपाळीला दोन फेऱ्या जास्त झाल्या. एवढ्यासाठीही मी हा वर्ग सुचवीन, विशेषतः वेगवेगळ्या मंडळ्यांतून येणाऱ्या जोडप्यांना. मात्र दुसरा शनिवार झाल्यावर नाव काढून घेऊ नये. शेवटच्या दिवशी अभिप्रायाच्या कागदावर मी एकच मागणी लिहिली: पत्रकातला उतारा २१व्या वचनापासून छापावा.